छपराखालची वही : मध्य फ्रान्समधल्या एका गढीच्या खरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात आली. मध्य फ्रान्समधली जुनी गढी, म्हणजे शातो. 14 खोल्या, दोन बुरूज, 22 हेक्टर जमीन. किंमत 7 लाख 80 हजार युरो. खाली कुणीतरी हिशेब मांडला होता : म्हणजे साधारण 7 कोटी, एवढ्यात दादरला तीन बेडरूम येतात. बाकीच्यांनी ती पुढे पाठवून दिली. माझ्या मामेबहिणीने, ताईने, ती उघडून शेवटपर्यंत वाचली आणि रात्री मला फोन केला.

मी लियॉंमध्ये वास्तुविशारद आहे. जुन्या इमारतींची छपरे, भिंती, पाये यांच्या दुरुस्तीचे काम करते. ताई आणि भावोजी बरीच वर्षे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतात. या खरेदीत भावोजींचे लंडनमधले धाकटे भाऊ आणि फ्रँकफर्टचा एक कॉलेजमित्र असे तिघे मिळून उतरणार होते. उन्हाळ्यात मुलांनी एकत्र राहायचे, उरलेल्या काळात पाहुणे ठेवायचे, अशी कल्पना. ताई-भावोजींच्या परवानगीने हे लिहीत आहे. गाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले तो क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण सगळे त्या क्रमावरच अवलंबून होते.

गढी आलिये जिल्ह्यात, मुलाँ शहराच्या पूर्वेला. हा बूर्बों सरदारांचा जुना मुलूख. इकडे दगडापेक्षा माती जास्त, म्हणून गढ्याही विटांच्या. लाल विटांच्या भिंतीत भट्टीत जास्त भाजून काळ्या पडलेल्या विटा अशा बसवलेल्या असतात की भिंतभर शंकरपाळ्यांची नक्षी उमटते. जुलैत मी पहिल्यांदा गेले तेव्हा संध्याकाळच्या उन्हात त्या काळ्या विटा काचेसारख्या चमकत होत्या. ताई त्या भिंतीसमोर बराच वेळ नुसती उभी होती. तिचे मन बसले ते तिथेच, आणि ते बसणे खोटे नव्हते. अशी भिंत आज कुणी नव्याने बांधणार नाही.

गढी विकायला का निघाली होती? आई वारली आणि चार भावंडे सामाईक मालक झाली. फ्रान्समध्ये 1804 च्या नागरी संहितेपासून मुलांचा वारसाहक्क कायद्याने राखलेला आहे. इंग्लंडमधल्या सरदारघराण्यांत थोरल्याकडे सगळी इस्टेट जायची, तशी सोय इथे नाही. शिवाय त्याच संहितेच्या 815 व्या कलमानुसार सामाईकीत राहण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. एकाने ‘माझा हिस्सा मोकळा करा’ म्हटले की विक्रीचा विषय निघतोच. पुण्यातले, वाईतले, साताऱ्यातले वाडे वाटणीपायी कसे गेले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. चौघांपैकी तिघे शहरांत होते. थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली, एकटी गढीत राहत होती. चौदापैकी तीन खोल्या ती तापवत असे.

वास्तू सरकारी संरक्षित यादीत होती. फ्रान्समध्ये अशा साधारण 45 हजार वास्तू आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या खासगी मालकीच्या आहेत. संरक्षणाच्या दोन पायऱ्या असतात. वरची पायरी मोजक्यांना, खालची बहुतेकांना. आमची गढी खालच्या पायरीवर होती : बाहेरच्या भिंती, छप्पर आणि दगडी जिना संरक्षित. म्हणजे कौल बदलायचे तरी आधी परवानगी.

अडचण

जुन्या इमारतीत मी पहिला प्रश्न पाण्याचा विचारते. वरचे पाणी कुठून आत येते, खालचे पाणी पायाशी काय करते आणि घरातले सांडपाणी कुठे जाते? या गढीत तिन्ही उत्तरे बिघडलेली होती. जुलैत त्यांतले एकच ठळक दिसत होते.

ते होते बुरुजावर. नैऋत्येच्या बुरुजाच्या भिंतीत खिडकीखालून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली भेग. साध्या भिंतीत ती कदाचित नजरेआड झाली असती, पण इथे शंकरपाळीची नक्षी मोडली होती. एका काळ्या विटेची रेघ सुटून दुसरी जरा खाली लागत होती. माझी करंगळीची नखाकडची बाजू त्या भेगेत बसली. दलालाने सांगितले की जुन्या घरांत अशा भेगा असतातच. ते खरे आहे, पण ती वाक्याची अर्धी बाजू झाली. भेग जुनी आहे की जिवंत, हा प्रश्न उरतोच.

छप्पर जुलैत कोरडे ठणठणीत होते. माळ्यावर धुळीचा आणि तापलेल्या ओकच्या लाकडाचा वास. वाशांवर ओल नव्हती, फक्त पांढुरके डाग. एका कोपऱ्यात इनॅमलची पातेली एकात एक घालून रचलेली दिसली. मी ती पाहिली आणि पुढे गेले. या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

कागदपत्रांची जाड फाइल मिळाली : शिसे, अ‍ॅस्बेस्टॉस, वाळवी, वीज, ऊर्जेचा वापर, सांडपाणी. भावोजींनी ती डच भाषेत भाषांतर करून अक्षर न् अक्षर वाचली आणि निर्धास्त झाले. फ्रान्समध्ये विक्रेत्याने द्यायच्या सक्तीच्या तपासण्यांत छपराची अवस्था येत नाही आणि पायाही येत नाही, हे त्यांना माहीत नव्हते. जाड फाइल पाहून माणसाला वाटते की सगळे तपासून झाले. सांडपाण्याचा अहवाल मात्र कामाचा निघाला. टाकी नियमात बसत नव्हती आणि अशी व्यवस्था विक्रीनंतर एका वर्षात खरेदीदाराने सुधारायची असते.

शिवाय जमीन. जाहिरातीतले 22 हेक्टर खरे होते, पण त्यांतले 17 हेक्टर शेजारच्या शेतकऱ्याकडे खंडाने होते. त्याच्या पांढऱ्या शारोले गाई गढीच्या खिडकीतून दिसत. फ्रान्समध्ये शेतजमिनीचा खंडकरार किमान 9 वर्षांचा असतो, पुढे चालू राहतो आणि मालक बदलला तरी मोडत नाही. जमीन विकायला निघाली तर ती स्वतः कसणाऱ्या आणि किमान तीन वर्षे शेतीचा व्यवसाय केलेल्या कुळाला आधी विचारावे लागते. कूळकायदा माहीत असलेल्या आपल्या माणसाला हे चटकन कळेल. भावोजींचे वडील कोल्हापूरकडचे, त्यांना फोनवर एका मिनिटात कळले. भावोजींच्या आराखड्यात मात्र त्या 17 हेक्टरांवर लग्नसमारंभांचे तंबू होते.

समोर असलेले पर्याय

ऑगस्टभर तीन देशांतून फोन चालले. सोडून देणे हा पर्याय मी मांडला, पण सौम्यपणे. मी धाकटी, ताईचा उत्साह एवढा आणि तिने मला सल्लागार म्हणून नव्हे, बहीण म्हणून बोलावलेले. दुसरा पर्याय थांबण्याचा. भेगेवर वर्षभर मापपट्टी लावायची, चारही ऋतू पाहायचे, मग ठरवायचे. तांत्रिकदृष्ट्या योग्य तोच होता. विक्रेत्यांपैकी धाकट्या भावाने तो धुडकावला. त्याला पैसे लवकर हवे होते आणि दुसरे एक गिऱ्हाईक येऊन गेल्याचे दलाल सांगत होता.

लंडनच्या दिरांनी वेगळी वाट सुचवली. फ्रान्सच्याच व्हिएन जिल्ह्यात ला मोत-शाँदनिये नावाची गढी आहे. 1932 च्या आगीत तिचे छप्पर गेले आणि आतून झाडे वाढली. 2017 मध्ये इंटरनेटवरून वर्गणी काढून ती जगभरच्या 25 हजारांवर लोकांनी मिळून घेतली, 16 लाख युरोंच्या वर पैसे जमले. तसे काही करता येईल का? मला ते उदाहरण मनापासून आवडते, पण ते आमच्या कामाचे नव्हते. तिथे लोकांनी एक भग्नावशेष जपायला घेतला. त्यात कुणाला हिवाळ्यात झोपायचे नव्हते. आमच्या गढीला छप्पर होते आणि ते टिकवायचे होते.

तिघांच्या नावाने खरेदी की एससीआय, म्हणजे मालमत्ता बाळगण्यासाठी काढलेली भागीदारी कंपनी, यावर खूप काथ्याकूट झाला. उद्या एकाला बाहेर पडायचे झाले तर एससीआयमध्ये नुसते भाग हस्तांतरित करता येतात. दिरांना तेच हवे होते. माझे म्हणणे वेगळे होते. फ्रान्समध्ये राहते घर घेणाऱ्या सामान्य खरेदीदाराला प्राथमिक करारानंतर 10 दिवस मिळतात. त्या दिवसांत कारण न देता माघार घेता येते, अनामत परत मिळते. पाहुण्यांचा धंदा हेच उद्दिष्ट लिहिलेल्या एससीआयला न्यायालय साधा ग्राहक मानील याची खात्री नाही. जिथे इतके काही तपासायचे राहिले आहे तिथे ते 10 दिवस हातचे सोडू नयेत, एवढ्यावर मी अडून बसले. या सगळ्या काळात मी ठामपणे बोललेली ही एकच गोष्ट, आणि शेवटी तीच उपयोगी पडली.

भावोजींच्या गणितात आणखी एक भोक होते. संरक्षित वास्तूच्या दुरुस्तीचा खर्च मालकाला आपल्या एकूण उत्पन्नातून वजा करता येतो, त्याला नेहमीची कमाल मर्यादा नाही, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. ते खरे आहे. वास्तू 15 वर्षे न विकण्याचे बंधन त्याबरोबर येते. पण ही सवलत फ्रान्सच्या प्राप्तिकरातली. ज्यांचा पगार आणि कर दोन्ही नेदरलँड्समध्ये, त्यांच्या पगारावर तिचा काही परिणाम होत नाही. त्यांच्या तक्त्यातला तो रकाना पुसला तेव्हा पाच वर्षांचे गणित सात वर्षांवर गेले.

काय केले

सप्टेंबरच्या मध्याला प्राथमिक करारावर सह्या झाल्या. किंमत घासाघीस करून 6 लाख 90 हजार, अनामत 5 टक्के, खरेदीदार म्हणून तिन्ही कुटुंबांची वैयक्तिक नावे. नोतेर, म्हणजे खरेदीखत करणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ, विक्रेत्यांचाच होता. खरेदीदाराने स्वतःचा वेगळा नोतेर नेमला तरी एकूण शुल्क वाढत नाही, ते दोघांत वाटले जाते. हे मी सांगितले होते, पण दलाल म्हणाला उशीर होईल आणि सगळे गप्प बसले.

सह्यांनंतर सातव्या दिवशी हवामान बदलले. आठव्या दिवशी पहाटे मी लियॉंहून गाडी काढली. छप्पर पावसात पाहायचे होते. दार थोरल्या बहिणीने उघडले. ती मला काही न बोलता माळ्यावर घेऊन गेली. जुलैत एकात एक रचलेली ती पातेली आता माळाभर पसरली होती. अकरा पातेली, प्रत्येकाचा आवाज वेगळा. प्रत्येकाखाली फळीवर खडूचे वर्तुळ, कारण पातेले नेमके कुठे ठेवायचे ते वर्षानुवर्षे ठरलेले होते.

खाली स्वयंपाकघरात तिने कॉफी दिली आणि मी सहज विचारले की ही वर्तुळे कुणी काढली. तिने टेबलाच्या खणातून एक शाळकरी वही काढली. तिच्या वडिलांनी 1971 मध्ये सुरू केलेली. तारीख, वाऱ्याची दिशा, कुठल्या पन्हाळीतून पाणी आले, कोणती कौले बदलली, गवंड्याला काय दिले. वडिलांनंतर तिचे अक्षर. उत्तरेकडच्या उताराची दोन छपरे जिथे मिळतात ती पन्हाळ तीस वर्षांत सहा वेळा डागली होती. 2003 च्या उन्हाळ्याच्या पानावर एकच ओळ : बुरुजाला भेग, पत्त्यांतले एक पान जाईल एवढी. पुढे 2018 नंतर दरवर्षी भेगेचा उल्लेख, आणि दर हिवाळ्यात ‘मिटली’ असा शब्द.

मला पाहिजे होते त्यातले निम्मे त्या वहीत होते. ही वही विक्रीच्या फाइलीत का नव्हती, असे मी विचारले. ती म्हणाली, “कुणी मागितलीच नाही.”

त्या संध्याकाळी मी तिन्ही कुटुंबांना एकत्र फोन लावला. पूर्ण छप्पर सुमारे 1100 चौरस मीटर, हाताने घडवलेली चपटी कौले, खाली ओकचे वासे, काही कुजलेले. माझा अंदाज साडेचार ते पाच लाख युरो. भावोजींच्या तक्त्यात दीड लाख होते. बराच वेळ कुणी बोलले नाही. नवव्या दिवशी फ्रँकफर्टच्या मित्राने नोंदणीकृत पत्राने माघार घेतली. आमच्या करारात एक खरेदीदार हटला की सगळा करार पडत होता, तसा तो पडला. अनामत परत मिळाली. भावोजी आणि त्या मित्रात जे बोलणे झाले ते कडू होते. त्या घरांचे येणे-जाणे आज पूर्वीसारखे नाही. ताई म्हणते, त्याने आम्हाला वाचवले आणि आम्ही त्याचे आभारही मानले नाहीत.

इथे प्रकरण संपले असते. ते पुढे चालले ते थोरल्या बहिणीमुळे. दोन आठवड्यांनी तिचाच फोन आला. दुसरे गिऱ्हाईक इमारतीचे तुकडे करून विकणार होते : बुरूज वेगळा, तबेला वेगळा, बाग वेगळी. तिला ते नको होते. तिने भावंडांना समजावले होते की वर्षभर नाही, पण वसंतापर्यंत थांबू.

मग आम्ही ज्या क्रमाने जायला हवे होते त्या क्रमाने गेलो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी भेगेच्या दोन्ही कडांना मापपट्टी चिकटवली. रुंदी 9 मिलिमीटर. जमिनीची चाचणी झाली. बुरुजाचा पाया जेमतेम 80 सेंटिमीटर खोल आणि खाली चिकणमाती. अशी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाने फुगते. गेल्या काही वर्षांच्या कोरड्या उन्हाळ्यांनी आलियेतल्या अनेक घरांना याच कारणाने तडे गेले आहेत. त्यातच बुरुजापासून सात मीटरवर पॉपलरची रांग होती, जी उन्हाळ्यात मातीतले पाणी शोषून घेई. आणि वरच्या पन्हाळीचा नळ तुटून सगळे पाणी बुरुजाच्या बुंध्याशीच पडे. एकाच ठिकाणी उन्हाळ्यात उपास आणि हिवाळ्यात अजीर्ण. मार्चमध्ये मापपट्टीवर 6 मिलिमीटर होते. भेग ऋतूंबरोबर उघडत-मिटत होती, बुरूज एका बाजूला झुकत नव्हता. हा फरक फार मोठा. पायाखाली काँक्रीटचे खांब घालण्याऐवजी आधी पाण्याची वाट बदलता येईल, असे त्या फरकाने सांगितले. झाडे मात्र एकदम तोडायची नव्हती. एकदम तोडली तर माती फुगून उलटा दाब येतो. छाटणी टप्प्याटप्प्याने, परवानगी घेऊन.

डिसेंबरात दुसरा प्राथमिक करार झाला, आता फक्त ताई-भावोजी आणि दीर यांच्या नावाने. या वेळी आमची स्वतंत्र नोतेर होती. तिने जमिनीच्या चाचणीचा अंतिम निकाल आणि बँकेचे कर्ज या दोन्ही अटी करारात घातल्या. खंडकरी शेतकऱ्याशी आम्ही स्वतः जाऊन बोललो. त्याला ती जमीन हवीच होती, आजवर कुणी थेट विचारले नव्हते इतकेच. 17 हेक्टर त्याने सुमारे 75 हजारांना घेतले. जमीन गेल्याने गढीची किंमत उतरली आणि गाई खिडकीसमोरच राहिल्या.

उरलेल्या वास्तूसाठी आमचा प्रस्ताव 5 लाख 20 हजारांचा होता. धाकटा भाऊ अडला. मार्ग निघाला तो एका वेगळ्याच मुद्द्यावर. थोरल्या बहिणीला पुढचा हिवाळा तिच्याच तीन खोल्यांत काढायचा होता. ताईने तो हक्क खरेदीखतात लिहून द्यायची तयारी दाखवली. भाड्याशिवाय, एक वर्ष. बहिणीने तिघांना पटवले. मेमध्ये खरेदीखत झाले. नोतेरचे शुल्क आणि कर मिळून किमतीच्या साडेसात टक्के.

छपराला हात लावायला आणखी चौदा महिने लागले. सरकारी वारसा खात्याची परवानगी, अनुदानाचा अर्ज, कारागिराची वाट. अनुदान मागायचे तर अर्ज पोचल्याची पावती येण्याआधी काम सुरू करता येत नाही. भावोजींचा जीव टांगणीला लागला होता, पण आम्ही तो नियम मोडला नाही. पहिल्या टप्प्यात उत्तरेचा उतार, 320 चौरस मीटर. खर्च 1 लाख 70 हजार, त्यांतला साधारण पाचवा हिस्सा अनुदानातून. परवानगीत अट होती की चांगली जुनी कौले परत वापरायची. मचाणावर म्हातारा कारागीर एकेक कौल उचलून बोटांच्या पेरांनी वाजवायचा. खणखणीत आवाज आला तर उजवीकडे, बद्द आला तर डावीकडे. ताईची आई तेव्हा भारतातून आली होती. मामी खाली खुर्ची टाकून बसली होती, म्हणाली, “अगं, हा तर कुंभारवाड्यात माठ घेतल्यासारखा घेतोय.” निम्म्याहून जास्त कौले उजवीकडे गेली.

वेगळे काय करता आले असते

मी जुलैत गेले, कारण सुट्ट्या जुलैत होत्या. छप्पर आणि पन्हाळी पावसात पाहायच्या, चिकणमातीवरची भेग उन्हाळ्याच्या अखेरीस आणि हिवाळ्याच्या अखेरीस अशी दोनदा पाहायची. निदान सह्यांची तारीख पावसाळी हवेनंतरची मागायला हवी होती. आम्हाला 10 दिवसांतला आठवा दिवस पावसाचा मिळाला, हे नशीब. ते कोरडे गेले असते तर करार कायम झाला असता आणि तिन्ही कुटुंबे आतून तुटली असती.

ती रचलेली पातेली पाहून मी थांबायला हवे होते. घरात राहणाऱ्या माणसाला दलाल बाजूला असताना भेटायला हवे होते. कुठे गळते, गवंडी कोण, शेवटचे कौल कधी बदलले, हे तिला विचारायचे होते. मी भिंती तपासल्या. पन्नास वर्षे त्या भिंतींत काढलेल्या बाईला मी फक्त नमस्कार केला होता.

स्वतंत्र नोतेर पहिल्याच दिवशी हवा होता. भागीदारांनी आपापली कमाल रक्कम आणि बाहेर पडायच्या अटी लिहून ठेवायला हव्या होत्या, मग मैत्रीला एवढी झळ लागली नसती. शेतकऱ्याशी आधी बोललो असतो तर मूळ आराखड्यातले ते तंबू ऑगस्टमध्येच गळाले असते. आणि मी ताईला जुलैतच स्पष्ट सांगायला हवे होते की तू घर घेत नाहीस, 1100 चौरस मीटर छप्पर घेते आहेस. नात्यातल्या मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणणे जड जाते. तो जडपणा सांभाळण्याची किंमत दुसऱ्याच्या बचतीतून जाते.

एका निर्णयाबद्दल मला अजूनही खात्री नाही. दुसऱ्या वेळी खरेदीखत करताना आम्ही फक्त पाच महिन्यांच्या मापांवर विसंबलो. भेग ऋतूची आहे हे कळायला ते पुरले. पाण्याची वाट बदलल्यावर ती किती स्थिर होईल, हे सांगायला पुरले नाही. वहीतल्या ‘मिटली, मिटली’ या नोंदींनी माझा कौल होकाराकडे झुकवला. ती वही नसती तर मी नको म्हटले असते.

निष्पत्ती

खरेदीला आता तीन वर्षे होऊन गेली. उत्तरेचा उतार पक्का झाला आहे, दक्षिणेचे दोन बाकी आहेत. सांडपाण्याची नवी टाकी पहिल्या वर्षातच बसवली, तिला 18 हजार लागले. पॉपलरची दोनदा छाटणी झाली, पन्हाळीचा नळ बुरुजापासून दूर नेला. गेल्या सप्टेंबरात मापपट्टीवर 8 मिलिमीटर होते. पाहुण्यांसाठी पाच खोल्या उघडायच्या होत्या. घरगुती पाहुणचाराच्या नियमात पाच खोल्या आणि 15 माणसे हीच मर्यादा, त्यापुढे हॉटेलचे अग्निसुरक्षेचे नियम लागू होतात. अजून दोनच खोल्या उघडल्या आहेत, त्याही जून ते सप्टेंबर. उत्पन्नातून विमा आणि मालमत्ता कर निघतो, छप्पर निघत नाही. दिरांनी या वर्षी आपला हिस्सा भावोजींना द्यायची इच्छा सांगितली आहे. तो विषय अजून मिटलेला नाही.

थोरली बहीण ठरलेले वर्ष संपल्यावर मुलाँला एका लहान घरात राहायला गेली. जाताना तिने ताईला वही दिली आणि कोरड्या दिवशी कोणत्या खिडक्या कोणत्या क्रमाने उघडायच्या तेही दाखवले. ताई त्याच वहीत पुढे लिहिते, फ्रेंच ओळींच्या खाली, मराठीत. तिने मला अलीकडच्या पानाचा फोटो पाठवला : “12 नोव्हेंबर. रात्रभर पाऊस, वारा पश्चिमेचा. उत्तरेकडची सातही पातेली कोरडी. बुरुजाजवळची दोन काठोकाठ, दोन अर्धी. त्यांच्या घरी फोन करून सांगितले.”